आधी काँट्री, मग खर्च

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची करमाळ्याची, इथं एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जुळे सोलापुरात आम्ही चौघींनी मिळून टू बीएचके घेतलाय. भाडं १२,०००, प्रत्येकी ३,०००. ॲग्रीमेंट माझ्या एकटीच्या नावावर आहे, म्हणून भाडं, लाइट बिल, किराणा, पाण्याचे जार, मावशींचा पगार असं सगळं आधी मीच भरते आणि मग ग्रुपवर टाकते. पैसे येतात, पण पंधरा-वीस दिवसांनी, तेही अर्धेमुर्धे. जानेवारीपासून माझे ७,८४० रुपये बाहेर आहेत. बार्शीच्या मैत्रिणीकडे ३,९००, अक्कलकोटच्या मैत्रिणीकडे २,६०० आणि मंगळवेढ्याच्या मैत्रिणीकडे १,३४०.

बार्शीची बँकेत आहे. अटॅच्ड बाथरूमची स्वतंत्र बेडरूम तिच्याकडे आहे आणि एप्रिलमध्ये तिनं तिथं भाड्याचा एसी बसवला. फेब्रुवारीत १३६ युनिट पडले होते, बिल १,३००. मेमध्ये ४१२ युनिट, बिल ५,४६०. ती म्हणते नेहमीसारखे चार भाग करा, मला पगार जास्त म्हणून मी दंड भरायचा का? मंगळवेढ्याची एमएस्सी करते, माझी रूम पार्टनर. दर शनिवारी गावी जाते, म्हणून किराण्याचे पूर्ण पैसे द्यायला कुरकुरते. येताना मात्र ज्वारीचं पीठ, शेंगा घेऊन येते. अक्कलकोटची हॉलमध्ये असते, एमपीएससी करते, तिचे पैसे घरून उशिरा येतात. तिची धाकटी बहीण सीईटीसाठी बावीस दिवस राहून गेली. परवा वाढदिवसाला हॉटेलात गेलो. मी शाकाहारी, माझं जेवण दोनशेच्या आत, वाट्याला आले ५४०. मी बोलले तर म्हणाल्या, "किती हिशेबी आहेस गं!" रूम सोडू का?

— हिशेबवाली, जुळे सोलापूर

उत्तर

रूम सोडू नकोस. दुसरीकडे गेलीस तरी तिथंही भाडं आधी तूच भरशील आणि मग ग्रुपवर टाकशील.

एसी, पीठ, पाहुणी, हॉटेल अशा बऱ्याच तक्रारी तू लिहिल्यास, आणि त्यातल्या बहुतेक रास्त आहेत. पण तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. तू या घराचा हिशेबही ठेवतेस आणि घराला उधारीही देतेस. ज्याचे पैसे अडकलेत त्याच्याच हातात वही असली की वहीतला प्रत्येक आकडा तगाद्यासारखा दिसतो. "दूध ६४ रुपये" एवढं तू ग्रुपवर टाकलंस तरी वाचणारीला त्यात "माझे पैसे कधी देणार?" हेच ऐकू येतं. त्यामुळे त्या तुला हिशेबी म्हणतात. हिशेब चालू ठेव, पदरचे पैसे घालणं मात्र या महिन्यापासून बंद कर.

आपल्याकडे गल्लोगल्ली भिशी चालते, तुझ्या आईचीही असेल. भिशीत कुणी म्हणतं का, की या महिन्यात तू भर, मी तुला वीस तारखेला देते? ठरल्या तारखेला सगळ्यांचे पैसे येतात आणि मगच नंबर निघतो. तुमच्या घरातही तसंच करा, आधी काँट्री, म्हणजे प्रत्येकीचा वाटा, आणि मग खर्च. किराणा-भाजी, दूध, गॅस, जार, वायफाय आणि मावशी मिळून तुमच्यासारख्या घराचं साधारण दहा हजारांत भागत असावं. म्हणजे प्रत्येकीचे अडीच हजार, पाच तारखेच्या आत. भाड्याचा वाटा त्याच दिवशी, पण वेगळा. चौघींपैकी एकीचं तरी पडून असलेलं बँक खातं असेलच, कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढलेलं. ते फक्त घरासाठी ठेवा, घरातला प्रत्येक रुपया त्यातूनच जाऊ दे. शिल्लक हजाराच्या खाली आली की प्रत्येकीनं पाचशे टाकायचे. एखादीनं टाकले नाहीत तर डबा रिकामा राहील आणि जारवाला परत जाईल. एकदा जाऊ दे परत. मेमध्ये नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या गावात प्यायचा जार परत गेला, की पाचशे रुपये किती पटकन येतात ते बघशील.

यातून एकच गोष्ट बाजूला ठेव, मावशींचा पगार. तुमच्या चौघींची भांडणं काहीही असोत, त्यांचे पैसे एक तारखेला त्यांच्या हातात पडले पाहिजेत. आणि चौघी सुट्टीला गावी गेल्या म्हणून त्यांचे दिवस कापायचे नाहीत. हे तू विचारलेलं नाहीस, पण अशा रूमवर पहिला हात तिथंच मारला जातो.

हिशेबनीस दर महिन्याला बदला. बार्शीच्या मैत्रिणीनं एक महिना जारवाल्याला, दूधवाल्याला आणि वायफायवाल्याला तोंड दिलं की "मैत्रीत कसला हिशेब" हे वाक्य तिच्या तोंडून जरा कमी निघेल. ॲप वापरायचं तर वापरा, ॲपमुळे बेरीज चुकत नाही. पण ॲप नुसती उधारी दाखवतं, वसूल करत नाही. फ्रीजवर चिकटवलेला कागद मला जास्त आवडतो, कारण तो पाणी प्यायला गेलेल्या प्रत्येकीच्या नजरेला पडतो.

आता एसी. पगार जास्त म्हणून दंड का, हा बार्शीकरणीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पगार जास्त म्हणून तिच्याकडून एक रुपयाही जादा मागू नकोस. प्रश्न पगाराचा नाहीच, युनिटचा आहे. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्याच्या वर चौथा. शंभर ओलांडले की दर जवळपास दुप्पट होतो. त्यावर पुन्हा वीज शुल्क टक्क्यांत लागतं, म्हणजे तेही वाढतं. म्हणून फेब्रुवारीच्या तिप्पट युनिटला बिल तिपटीवर न थांबता चौपटीच्या पुढं गेलं.

पण सगळी वाढ एसीचीच आहे असंही धरू नकोस. मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करायची कुणाची टाप आहे? हॉलमध्ये कूलर असेल तर तोही रोज दीड-दोन युनिट खातोच. त्यामुळे आधी मोजा. एसीच्या प्लगला लावायचा छोटा मीटर मिळतो, तो सगळ्यात सरळ. तो नको असेल तर एक रात्र एसी लावून आणि एक रात्र न लावता, झोपताना आणि उठल्यावर जिन्याखालच्या मीटरचा फोटो काढा. दोन रात्रींचा फरक म्हणजे एसीचे युनिट. एक टनाचा एसी रात्रभर चालला तर सहा-आठ युनिट येतील. रोजचे सात धरले तर महिन्याचे २१०. म्हणजे ४१२ पैकी २१० एसीचे आणि २०२ सगळ्यांचे.

इथून दोन रस्ते फुटतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला रस्ता युनिटच्या प्रमाणात. ५,४६० पैकी एसीचे २,७८३ होतात, उरलेल्या २,६७७ चे चार भाग, प्रत्येकी ६७० च्या आसपास. दुसरा रस्ता असा, की एसी नसताच तर बिल किती आलं असतं ते काढायचं. २०२ युनिटचं बिल साधारण २,२०० येईल. महावितरणच्या संकेतस्थळावर युनिट टाकून बिल काढायची सोय आहे, तिथं नेमका आकडा बघ. मग २,२०० चे चार भाग, प्रत्येकी ५५०, आणि वरचे ३,२६० एकट्या एसीचे. दुसऱ्या रस्त्याचं म्हणणं असं की बिल वरच्या टप्प्यात एसीमुळे गेलं, तर वरच्या टप्प्याचा दरही एसीनंच सोसावा. मला मनातून तो जास्त पटतो. पण बार्शीकरीण म्हणेल की स्वस्तातले पहिले शंभर युनिट तुमच्याच वाट्याचे आणि महागातले तेवढे माझे, हे कोणी ठरवलं? तिचंही खोटं नाही. दोन रस्त्यांत तुमच्या तिघींना प्रत्येकी सव्वाशे रुपयांचाही फरक पडत नाही. तेव्हा तिला पटेल तो, म्हणजे पहिला रस्ता घे. तुझं बिल १,३६५ वरून ६७० वर येतंय, तिथं थांब.

एसीच्या नादात भाडं मात्र तुझ्या नजरेतून सुटलंय. अटॅच्ड बाथरूमची अख्खी खोली ३,०००, एका खोलीत दोघी तर प्रत्येकी ३,०००, आणि हॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात गादी टाकून अभ्यास करणारीचेही ३,०००? हे समान आहे, पण योग्य नाही. मला विचारशील तर या घरात सगळ्यात जास्त अन्याय हॉलवालीवर चाललाय, आणि तक्रार मात्र तिची नाही, तुझी आली.

याला जुनी आणि सोपी कसोटी आहे, अदलाबदलीची. बार्शीकरणीला विचार, "तू हॉलमध्ये यायला किती कमी भाडं घेशील?" अक्कलकोटकरणीला विचार, "ती खोली तुला मिळाली तर किती जास्त देशील?" प्रत्येकीनं चिठ्ठीवर तिन्ही जागांचं भाडं लिहायचं. स्वतंत्र खोली, दोघींच्या खोलीतली एक जागा आणि हॉल. दोघींच्या खोलीतली जागा दोनदा धरून बेरीज १२,००० झाली पाहिजे. मग चार चिठ्ठ्यांची सरासरी काढा. माझा अंदाज असा की ४,२००, २,७००, २,७०० आणि २,४०० च्या आसपास येईल. भाडं असं लागलं पाहिजे की कुणालाच दुसरीच्या जागेचा हेवा वाटू नये. फ्रान्सिस सू या गणितज्ञानं १९९९ साली सिद्ध करून दाखवलंय की काही साध्या अटी पाळल्या तर असं भाडं नेहमी सापडतं. तुमच्या सरासरीनंतरही एखादीला दुसरीची जागा त्या भावात हवीशी वाटली, तर त्या जागेचं भाडं शंभरानं वाढवा, बाकीच्यांचं मिळून तेवढं उतरवा आणि पुन्हा विचारा. दोन-तीन फेऱ्यांत जमून जातं. नाहीच जमलं तर खोल्या बदला. बार्शीकरीण ३,००० वरच अडून बसली तर तिला त्याच ३,००० मध्ये हॉल दे.

मंगळवेढेकरणीचा मामला मला सगळ्यात गोड वाटला, आणि त्यात चूक तुझी आहे. ती शनिवार-रविवार नसते म्हणून किराण्यात सूट मागते. मेसमध्ये खाडा धरतात, तसा घरातही धरता येतो, पण कशाला धरायचा हे ठरलेलं हवं. भाडं, वायफाय, मावशी यांना खाडा नाही, कारण तिची गादी आणि तिचा राउटर शनिवारी मंगळवेढ्याला जात नाहीत. किराणा, दूध, भाजी, गॅस यांना खाडा धरा, पण सलग दोन दिवस किंवा जास्त असेल तरच. एका रात्रीचं जेवण बाहेर झालं त्याचा खाडा लिहायला लागलात तर वही भरेल आणि डोकंही फिरेल.

आता पीठ. तू लिहिलंस "येताना पीठ, शेंगा आणते", आणि पुढच्या वाक्यात एमपीएससीकडे वळलीस. किती आणते? महिन्याला दहा किलो पीठ धरलं, तर जानेवारी ते मे ५० किलो झालं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, तिला भौगोलिक मानांकन आहे. किलोला ४५ रुपये हा कमीतच भाव धरला तरी २,२५० रुपयांचं पीठ तिनं घरात टाकलं. त्यातला चौथा हिस्सा तिच्या स्वतःच्या पोटात गेला, म्हणजे ५६२ वजा. राहिले १,६८८. तिच्याकडून १,३४० येणं आहे म्हणतेस. वजाबाकी केलीस तर घरच तिचं साडेतीनशे रुपये देणं लागतं! इतके दिवस बिचारी देणेकरी म्हणून फिरतेय.

म्हणून नियम असा करा. रोजच्या स्वयंपाकाचं धान्य, पीठ, तेल, डाळ कुणीही घरून आणलं की ते तुमच्या किराणा दुकानाच्या भावानं तिच्या नावावर जमा. भाव गावचा नाही, शेतातला नाही, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला. आणि आणण्याआधी विचारायचं, नाहीतर चौघींचं चार पोती पीठ साठेल आणि पावसाळ्यात अळ्या पडतील. शेंगाची चटणी, कडक भाकरी, धपाटे, आईनं दिलेला लाडवाचा डबा यांचा हिशेब अजिबात करायचा नाही. ते पाहुणचारात जातं. शेंगाची चटणी वहीत लिहिलीस तर मीही तुला हिशेबीच म्हणेन.

पाहुणीचं थोडक्यात सांगते. तीन दिवस पाहुणी, चौथ्या दिवसापासून घरची. घरची झाली की किराणा, जार आणि टँकर आला तर टँकर, या तीन गोष्टींत तिचं डोकं मोजायचं आणि ते पैसे जिची पाहुणी तिनं द्यायचे. भाडं नाही, मावशींचे नाहीत. सीईटीची मुलगी होती, अभ्यासाला आली होती, झालेल्या बावीस दिवसांचे आता मागू नकोस. नियमच नव्हता तर मोडला कसा म्हणणार? पुढच्या वेळेसाठी कागदावर लिही.

हॉटेलबद्दल तुझा राग बरोबर आहे. बिल समान वाटायचं ठरलं की माणसं जास्त मागवतात. युरी ग्नीझी हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी इस्राएलमधल्या एका रेस्टॉरंटात हा प्रयोगच केला होता, २००४ साली तो 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये छापून आला. ज्यांना बिल समान वाटायचं होतं त्यांनी आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त पैशांचं मागवलं. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना आपापलं बिलच हवं होतं. तुझ्या मैत्रिणींनाही तेच हवं असेल, पहिलं बोलायचं कुणी एवढाच प्रश्न. सोलापुरात तर मटण, शीक आणि एक साधी थाळी एका टेबलावर आली की बिलाचा तोल जाणारच. पण बिल आल्यावर बोलू नकोस, तेव्हा ते कंजूष वाटतं. ऑर्डर देतानाच वेटरला सांग, "माझं व्हेज वेगळं लावा." किंवा सरळ म्हण, आज टीटीएमएम, तू तुझं मी माझं. वाढदिवस असेल तर मात्र एवढं काटेकोर राहू नकोस. जिचा वाढदिवस आहे तिचा वाटा बाकीच्यांनी घ्यावा, त्यात जास्त-कमी झालं तर होऊ दे.

तू लिहिलं नाहीस, पण पत्राच्या ओळींमध्ये एक प्रश्न दिसतो. अक्कलकोटकरणीला कमाई नाही, तिला सूट द्यावी का? माझं मत सांगते, काहींना पटणार नाही. रूमवर वाटणी वापराप्रमाणे करावी, ऐपतीप्रमाणे करू नये. ऐपतीवर गेलं की एकीचा पगार दुसरीच्या चर्चेचा विषय होतो आणि सूट घेणारी मान खाली घालून राहते. पण घराचा खर्च ठरवताना सगळ्यात हलक्या पाकिटाकडे बघावं. वायफायचा महागडा प्लॅन, रोज पनीर, आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवणं हे तिघींना परवडतं म्हणून चौथीवर लादायचं नाही. जास्तीचं हवं असेल तर जिला हवं तिनं घ्यावं. हॉलचं भाडं खरोखर हॉलइतकं झालं की तिचे महिन्याला सहाशे असेच वाचतात, ती कुणाची मेहरबानी नाही. आणि तिचे पैसे घरून दहा तारखेला येत असतील तर तिची तारीख दहा ठेवा. उशीर आणि ठरलेली तारीख यात फरक आहे.

घरात, भावंडांत मात्र मी उलटं सांगते. आईबापाच्या औषधांना महिना ९,००० लागतात, एक भाऊ ४०,००० कमावतो, दुसरा २०,०००, तर ६,००० आणि ३,००० असंच असावं. तिथं समान वाटणी म्हणजे धाकट्याची ओढाताण. आणि जी बहीण किंवा सून आईला दर पंधरा दिवसांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेते, नंबर लावून दोन तास बसते, तिनं काय दिलं असं विचारणाऱ्या भावाला एकदा तिच्या जागी बसवावं. हे विषयांतर झालं खरं, पण गेल्या वर्षभरात या सदराकडे भावंडांची अशी पत्रं इतकी आली की राहवलं नाही.

आता तुझे अडकलेले पैसे. पाच महिन्यांतला प्रत्येक रुपया उकरू नकोस. ज्याचं बिल आहे किंवा ग्रुपवर तेव्हाच मेसेज पडलाय तेवढंच धर. जे तुला स्वतःलाही नीट आठवत नाही, ते सोड. पिठाचे पैसे जमा धर आणि मगच यादी कर. मेचं लाइट बिलही नव्या हिशेबानं लाव, म्हणजे अक्कलकोटकरणीच्या २,६०० मधून सातशेच्या आसपास कमी होतील आणि बार्शीकरणीकडचे वाढतील. चौघींचा गुंता कितीही असला तरी तो जास्तीत जास्त तीन व्यवहारांत मिटतो. कुणी कुणाला किती ते काढत बसू नका. प्रत्येकीचं एकच निव्वळ येणं किंवा देणं काढा, देणारीनं घेणारीला सरळ यूपीआय करायचं.

ही यादी ग्रुपवर टाकू नकोस. रविवारी संध्याकाळी मंगळवेढेकरीण परत आली की चहा करून समोरासमोर बसा. सुरुवात तिच्या पिठापासून कर. "मी तुझ्या पिठाचे पैसे कधी धरलेच नव्हते, ते आता धरलेत" एवढं तू म्हणालीस की पुढचं अर्धं काम झालं, कारण मग त्या वहीत फक्त तुझंच येणं उरत नाही. मग हॉलच्या भाड्याचं काढ. एसीचं सगळ्यात शेवटी. मेसेज नंतर टाक, ठरल्याची नोंद म्हणून, साधा असा: "आज ठरल्याप्रमाणे जानेवारी ते मेचा हिशेब सोबत जोडलाय. अर्धे ३० जूनपर्यंत, अर्धे ३१ जुलैपर्यंत. १ जुलैपासून काँट्री ५ तारखेला, घराच्या खात्यावर." त्यात "प्लीज" नको, हात जोडलेले इमोजीही नकोत. तू उपकार मागत नाहीयेस.

ॲग्रीमेंटचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्यानं देण्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तुझा कागद नोंदवलेला आहे का ते आधी बघ. शिवाय नाव तुझं एकटीचं असल्यामुळे उद्या दोघी सोडून गेल्या तर मालक पूर्ण १२,००० तुझ्याकडेच मागणार, आणि डिपॉझिटमधून कापाकापी झाली तर तीही तुझ्याच माथी. असले करार बहुधा ११ महिन्यांचे असतात, म्हणजे नूतनीकरण लांब नसेल. तेव्हा चौघींची नावं घालून घे. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती ते आजच एका कागदावर लिहून चौघींच्या सह्या घे आणि त्यावरच एक ओळ टाक. मध्येच सोडणारीनं महिनाभर आधी सांगायचं किंवा आपल्या जागी दुसरी मुलगी आणून द्यायची. नवीन मुलगी आली की डिपॉझिट तिनं जाणारीला द्यायचं, मालकाला मध्ये घ्यायला नको.

बार्शीकरीण हे सगळं ऐकून नाही म्हणाली तर? म्हणू शकते. मग तिच्याशी एसीवर वाद घालू नकोस, तिला मीटर लाव म्हण. मोजलेल्या युनिटवर भांडणं अवघड असतं. मीटरलाही नाही म्हणाली तर ॲग्रीमेंट संपेपर्यंत लाइट बिल सोडून बाकी सगळं नव्या पद्धतीनं चालू कर आणि नूतनीकरणाच्या वेळी तिला स्पष्ट विचार, या अटींवर राहायचंय का. दोनशे रुपयांचा मीटरचा वाटा नाकारून बँकेतली मुलगी घर सोडेल असं मला वाटत नाही.

आणि एक घाई कर. भाड्याचे एसी उन्हाळा सरला की परत जातात. जूनचं बिल आपोआप उतरेल, हवा गार होईल आणि चौघींनाही वाटेल, जाऊ दे आता, कशाला विषय काढायचा. तसं वाटायच्या आत एसीचा नियम कागदावर आण. पुढच्या मार्चमध्ये तो एसी पुन्हा येणार आहे.